न वाजलेल्या चालीची राखण

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. संध्याकाळी आमच्या युनियनच्या कचेरीत एक तरुण आला. त्याचे वडील आमचे जुने सभासद. मुलगा गाणी करतो. पेटी-तबल्यावर नव्हे, संगणकावर. घरातल्या माळ्यावर त्याने आपली खोली थाटली आहे. आज ज्याला म्युझिक प्रोड्युसर म्हणतात, तो हा. चाल बांधावयाची, ठेका बसवावयाचा, वाद्यांचे आवाज जुळवावयाचे आणि तयार माल कोणा कंपनीला, गायकाला किंवा चित्रपटवाल्याला ऐकवावयाचा, हा त्याचा धंदा. त्याने खिशातून दोन पानी इंग्रजी कागद काढला आणि म्हणाला, "काका, एवढं वाचून द्या. माझ्या गाण्यांच्या राखणीचा कागद आहे म्हणतात. उद्या सही करायची आहे."

आम्ही कागद वाचला. राखण होती खरी, पण ती गाण्यांची नव्हती. मुलाने आपल्या आठ अप्रसिद्ध चाली कंपनीला ऐकवावयाच्या होत्या. कंपनीची बोलणी, तिचे दर, तिची कामाची पद्धत, एवढेच काय पण कंपनीशी आपली भेट झाली हेही त्याने आजन्म कोणास सांगावयाचे नव्हते. कंपनीने मात्र त्या आठ चालींचे काय करावयाचे आणि काय करावयाचे नाही, यासंबंधी दोन पानांत एक ओळ नव्हती.

त्या कंपनीचे नाव येथे सांगण्याचे कारण नाही. तसले कागद अनेकांचे असतात. आम्ही संगीताचे जाणकार नव्हे. भूप आणि देसकार यांतला फरक कोणी दाखवला तरच आम्हांला कळतो. परंतु नेमणूकपत्रे, करारनामे, तडजोडीचे मसुदे वाचण्यात आमची तीस वर्षे गेली आहेत. त्या मुलाला उत्तर द्यावयाचे म्हणून आम्ही या विषयाच्या मागे लागलो, आणि ग्रंथालयातल्या चार-सहा महिन्यांत जे हाती लागले ते आपल्यापुढे ठेवीत आहोत.

गुप्ततेचा करार हा शब्द नवा असला तरी वस्तू जुनी आहे. आपल्याकडे ती गंड्याच्या रूपाने होती. उस्ताद शिष्याच्या मनगटाला गंडा बांधी, गूळ-चणे वाटले जात, शिष्य नजराणा देई, आणि त्या दिवसापासून घराण्याची चीज ही ठेव झाली. ती कोठे गावी, कोणासमोर गाऊ नये, कोणास शिकवू नये, हे उस्तादाने ठरवावे. कागद नाही, शिक्का नाही, साक्षीदार म्हणजे जमलेली मंडळी. आज हे आठवून आपण हसतो. परंतु ज्या काळी चीज हीच कलावंताची इस्टेट होती, आणि एकदा ऐकलेली चीज परत घेता येत नव्हती, त्या काळी याहून दुसरा इलाज तरी कोणता होता? बैठकीत मागे बसून चीज उचलणारे लोक त्या काळीही होतेच. सावकाराच्या तिजोरीला कुलूप असते; गळ्याला कुलूप लावावयाचे तर शपथेचेच लावावे लागते.

अल्लादियाखाँसाहेबांचे उदाहरण घ्या. जन्म 1855, मृत्यू 1946. कोल्हापूरच्या दरबारात आणि पुढे मुंबईत त्यांचे आयुष्य गेले. तबकड्यांचा धंदा त्यांच्या डोळ्यांदेखत वाढला, त्यांच्याहून लहान गवयी तबकड्यांवर नाव कमावून बसले, पण खाँसाहेबांनी आपला आवाज मुद्रित करू दिला नाही. त्यांचे गाणे आज आपल्याला शिष्यांच्या गळ्यातूनच ऐकावे लागते. आपले गाणे प्रसिद्ध करावयाचे की नाही हा कर्त्याचा हक्क, आणि तो त्यांनी पुरेपूर बजावला.

परंतु याच घराण्यात दुसरी एक गोष्ट घडली. आमच्यासारख्या माणसाला ती अधिक विचार करावयास लावते. गोव्यातील कुर्डी गावच्या मोगूबाई 1920 नंतरच्या काही वर्षांत सांगलीत राहत होत्या. आई वारलेली, परिस्थिती बेताची. खाँसाहेब औषधोपचारासाठी सांगलीस आले असताना त्यांच्या कानी या मुलीचा रियाज पडला, आणि ते आपण होऊन तिला शिकवू लागले. पुढे खाँसाहेब मुंबईस गेले, मागोमाग मोगूबाईही गेल्या. आणि तेथे शिकवणी बंद पडली. कारण काय, तर दुसऱ्या शिष्यांच्या पाठीशी असलेल्या धनिकांचा आग्रह, की ही विद्या आणखी कोणास देऊ नये. ज्यांनी मोठी रक्कम मोजली त्यांना विद्येची मक्तेदारी हवी होती. मोगूबाईंनी विलायत हुसेनखाँकडे आणि मग खाँसाहेबांचे बंधू हैदरखाँ यांच्याकडे शिकून दिवस काढले. अल्लादियाखाँसाहेबांनी त्यांना रीतसर गंडा बांधला तो 1934 साली. म्हणजे दहा-बारा वर्षे गुप्ततेची भिंत मध्ये उभी होती, आणि ती भिंत उस्तादाने आपल्या विद्येच्या राखणीसाठी बांधलेली नव्हती; पैसा देणाऱ्याने दुसऱ्याला आत येऊ न देण्यासाठी बांधलेली होती. भिंत तीच, पण बांधणारा कोण आणि अडणारा कोण, हे प्रत्येक वेळी विचारले पाहिजे.

पंडित भातखंड्यांनी ही भिंत आपल्या परीने पाडली. ते धंद्याने वकील होते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. देशभर हिंडून, उस्तादांची मनधरणी करून त्यांनी घराण्याघराण्यांतील चीजा मिळवल्या आणि क्रमिक पुस्तकमालिकेच्या सहा भागांत स्वरलिपीसह छापून टाकल्या. आठ-बारा आण्यांची शिकवणी लावणाऱ्या मुलालाही सदारंगाची चीज पुस्तकातून मिळू लागली, हे त्यांचे उपकार थोर आहेत. ज्यांनी त्या चीजा गळ्यात जपल्या त्यांच्या नातवंडांना त्या छपाईतून काय मिळाले, हा प्रश्न आम्हांला तरीही सोडत नाही. पण तो आज येथे ठेवतो.

युरोपातही हेच. रोममध्ये पोपच्या सिस्टिन चॅपेलमध्ये ग्रेगोरिओ अलेग्री नावाच्या गायकाने सतराव्या शतकात एका स्तोत्राला चाल लावली. ती मिझेरेरे या नावाने प्रसिद्ध आहे. ईस्टरपूर्वीच्या आठवड्यात, दिवे एकेक करून मालवीत, ती गायिली जाई. तिची प्रत बाहेर नेण्यास चॅपेलच्या गायकांना बंदी होती. 1770 च्या एप्रिलमध्ये चौदा वर्षांचा मोझार्ट बापाबरोबर रोमला आला, त्याने ती ऐकली आणि बिऱ्हाडी येऊन आठवणीने लिहून काढली. बापाने घरी पत्र लिहिले त्यात म्हटले आहे की, ही प्रत देणाऱ्या गायकाला धर्मबहिष्काराची शिक्षा सांगितलेली आहे. शिक्षा खरोखर तशी होती की बाप वाढवून सांगत होता, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. मुलाला काही शिक्षा झाली नाही, उलट त्याच वर्षी पोपने त्याला मानाचे पदक दिले. पुढल्याच वर्षी, 1771 मध्ये, चार्ल्स बर्नी या इंग्रजाने लंडनमध्ये ती चाल छापली.

या कथेत मोझार्टचे कौतुक सगळे करतात. आमचे लक्ष दुसरीकडे गेले. ज्या काळात साध्या गायकाला बहिष्काराचा धाक होता, त्याच काळात पोपच्याच हुकुमाने त्या चालीच्या प्रती ऑस्ट्रियाच्या सम्राटाला आणि पोर्तुगालच्या राजाला भेट गेल्या होत्या! गंमत अशी की, बर्नीने सांगितल्याप्रमाणे, सम्राटाने व्हिएन्नात ती गाववली तेव्हा ती अगदीच साधी वाटली. सम्राटाला वाटले, रोमच्या संगीतप्रमुखाने फसवून दुसरेच काही पाठवले. तक्रार गेली, बिचाऱ्याची नोकरी गेली. खरी गोष्ट अशी होती की, जे सौंदर्य होते ते गायकांच्या गळ्यातील हरकतींत होते, आणि त्या हरकती कागदावर नव्हत्याच. कारागिराचा हात कागदात येत नाही, ही गोष्ट मालकाला नेहमी उशिरा कळते.

आता शपथेचे रूपांतर कायद्यात कसे झाले ते पाहू. ही कथा व्याख्यानापासून सुरू होते, म्हणून आपल्याला ती जवळची वाटेल. लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात अ‍ॅबरनेथी नावाचे नामांकित शल्यवैद्य विद्यार्थ्यांना व्याख्याने देत. लॅन्सेट नावाच्या नव्या नियतकालिकाने ती उतरवून घेऊन छापावयास सुरुवात केली. अ‍ॅबरनेथी न्यायालयात गेले. अडचण अशी की व्याख्याने तोंडी होती. संपूर्ण लिहिलेला ग्रंथ नव्हता, तेव्हा मालकी कशाची सांगावयाची? 1825 साली लॉर्ड एल्डन यांनी वाट काढली. ते म्हणाले, श्रोता फी देऊन आत येतो तेव्हा एक न बोललेला करार होतो: त्याने ऐकावे, स्वतःसाठी हवे तेवढे टिपून घ्यावे, पण छापून पैसा करू नये. आपल्यापैकी जे वह्या घेऊन बसले आहेत त्यांनी निश्चिंत असावे, आमच्या व्याख्यानाला कोणी प्रकाशक मिळेल अशी भीती नाही.

दुसरा खटला राजघराण्यातला. राणी व्हिक्टोरिया आणि तिचा नवरा प्रिन्स आल्बर्ट यांना तांब्याच्या पत्र्यावर चित्रे कोरण्याचा छंद होता. मुलांची, कुत्र्यांची, घरातली चित्रे, प्रसिद्धीसाठी नव्हेत. छाप काढण्यासाठी पत्रे विंडसरच्या एका छापखान्यात जात. तेथल्या एका कामगाराने जास्तीच्या प्रती काढल्या, त्या एका पत्रकाराने मिळवल्या, आणि स्ट्रेंज नावाच्या प्रकाशकाने त्यांची सूची छापली. 1849 मध्ये निकाल लागला. लॉर्ड कॉटनहॅम यांनी सांगितले की, अप्रकाशित कृतीवर कर्त्याचा हक्क असतो. शिवाय ज्याच्या हाती ती विश्वासाने दिली त्याच्याकडून ती विश्वासभंगाने बाहेर पडली असेल, तर पुढे ज्याच्या हाती गेली त्यालाही न्यायालय रोखू शकते. आज जगभर अप्रकाशित गाण्यांसाठी, पटकथांसाठी, यंत्रांच्या आराखड्यांसाठी जे गुप्ततेचे करार होतात, त्यांच्या मुळाशी हे तत्त्व आहे. वाट काढून दिली राजाराणीच्या छंदाने, आणि ठपका आला छापखान्यातल्या मजुरावर. ठपका चुकीचा होता असे आम्ही म्हणत नाही. पण पत्रकार आणि प्रकाशक नसते, तर त्या जास्तीच्या प्रती पेटीतच पिवळ्या पडल्या असत्या.

पुढे 1968 साली मोपेडच्या इंजिनाच्या एका खटल्यात न्यायमूर्ती मेगरी यांनी या तत्त्वाचे तीन प्रश्न केले. माहिती खरोखरच खाजगी होती काय? ती खाजगी ठेवावी अशा परिस्थितीत दिली होती काय? आणि परवानगीवाचून तिचा वापर झाला काय? आमच्या त्या तरुणाला आम्ही हे तीन प्रश्न एका पाकिटाच्या पाठीवर लिहून दिले. ज्या गाण्याचा तुकडा तू आधीच चार मित्रांना मोबाइलवर पाठवलास, त्याच्या बाबतीत पहिल्याच प्रश्नाला तू अडखळशील, हेही सांगितले. त्याचा चेहरा उतरला, त्यावरून आम्ही काय ते ओळखले.

तो म्हणाला, "पण काका, कॉपीराइट आहे ना?" आहे. आपला 1957 चा कायदा अप्रकाशित कृतीलाही संरक्षण देतो आणि त्यासाठी नोंदणीची सक्ती नाही. परंतु कॉपीराइट कल्पनेचा नसतो, ती ज्या रूपात मांडली त्या रूपाचा असतो. एका नाटकावरून चित्रपट उचलला अशी तक्रार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली होती, तेव्हा 1978 मध्ये न्यायालयाने हेच स्पष्ट केले. संगीतात तर हा फार पातळ पडदा आहे. संपूर्ण चाल चोरली तर सापडते. पण हे वाद्य त्या ठेक्याशी असे जुळवावे, लावणीची ढोलकी अमुक यंत्रध्वनीखाली अशी घालावी, ही जी युक्ती असते, जी त्या मुलाची खरी कमाई, ती कोणी ऐकून उचलली तर कॉपीराइट फारसा कामास येत नाही. तेथे विश्वासाचा करार कामास येतो.

याचा उत्तम दाखला इंग्लंडमध्येच आहे. तीन अभिनेत्रींनी रॉक बॉटम नावाचे गायकमंडळ काढले. त्यांच्या आणि त्यांच्या संगीतकाराच्या डोक्यात अशी कल्पना होती की, तीन मुली मंडळ काढतात त्या धडपडीची दूरदर्शन-मालिका करावी, आणि कामे आपणच करावीत. ही कल्पना त्यांनी टेम्स टेलिव्हिजन कंपनीला तोंडी सांगितली. 1976 मध्ये रॉक फॉलीज ही मालिका पडद्यावर आली. कल्पना तीच, मुली दुसऱ्या. मुली न्यायालयात गेल्या आणि जिंकल्या. न्यायालय म्हणाले, कल्पना तोंडी सांगितली तरी हरकत नाही. ती स्पष्ट, नवी आणि प्रत्यक्षात आणण्याजोगी असावी, आणि विश्वासाने सांगितलेली असावी. आपल्या मुंबई उच्च न्यायालयानेही 2003 मध्ये, बालकृष्णावरील दूरदर्शन-मालिकेच्या कल्पनेसंबंधी, एका बलाढ्य वाहिनीविरुद्ध छोट्या निर्मितीसंस्थेच्या बाजूने हे तत्त्व उचलून धरले. म्हणजे हे हत्यार दुबळ्याच्या हातात असले तर चालते. आम्ही ते मोडीत काढावे असे म्हणणारे नव्हे.

मात्र धंद्यात ते कोणाच्या हाती जाते ते पाहा.

गाणे बाहेर फुटण्याची भीती ध्वनिमुद्रणाबरोबर वाढली. अमेरिकेतील गायक बॉब डिलन याने 1967 मध्ये आपल्या साथीदारांबरोबर वुडस्टॉकजवळच्या एका घराच्या तळघरात पुष्कळ गाणी टेपवर घेतली. विक्रीसाठी नव्हे; त्यांतील काही प्रकाशनसंस्थेमार्फत इतर गायकांना ऐकवण्यासाठी. धंद्यातल्या धंद्यात प्रती फिरल्या आणि 1969 मध्ये लॉस एंजलिसला कोऱ्या पांढऱ्या वेष्टनात चोरटी तबकडी विक्रीस आली. त्या गाण्यांचा अधिकृत संच निघाला तो 1975 साली. टेप फुटली ती कोणा हमालाच्या हातून नव्हे. ज्यांना विश्वासाने ऐकवली त्या वर्तुळातून.

याउलट किंग्ज माउंटनची कथा. नॉर्थ कॅरोलायना राज्यात या गावाजवळ सीडी छापण्याचा प्रचंड कारखाना होता. आधी पॉलिग्रामचा, आणि 1998 मध्ये ती कंपनी विकली गेल्यावर युनिव्हर्सलचा. बाजारात येण्याच्या आधी काही आठवडे नामांकित गायकांच्या तबकड्या येथे हजारोंनी निघत. दारावर झडती. सुटीच्या वेळी कामगारांतून काही जण निवडून त्यांच्या अंगावरून धातू ओळखणारी कांडी फिरवीत. तेथे तबकड्यांवर प्लास्टिकचे वेष्टन चढवणाऱ्या यंत्रावर हंगामी म्हणून लागलेला एक कामगार होता. त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी युक्ती काढली. कमरेच्या पट्ट्याला भलेमोठे पितळी बक्कल लावावयाचे आणि तबकडी त्यामागे सरकवावयाची; कांडी वाजली तर ती बक्कलानेच वाजली असे पहारेकरी समजे. या मार्गाने काही वर्षांत दोन हजारांच्या आसपास संगीतसंच प्रकाशनापूर्वी इंटरनेटवर गेले. पुढे तो पकडला गेला, त्याने गुन्हा कबूल केला, 2010 मध्ये तीन महिन्यांची शिक्षा झाली.

चोरी ती चोरीच. आम्ही दारावरच्या झडतीविरुद्ध आयुष्यभर बोललो, पण चोराची वकिली केली नाही. तरीही एक गोष्ट लक्षात घ्या. ज्या गायकाचे गाणे फुटले त्याने या कामगारावर विश्वास ठेवलाच नव्हता. तो त्याला ओळखतही नव्हता. गायकाने कंपनीवर विश्वास ठेवला, आणि कंपनीने कांडीवर ठेवला. माणसाला हंगामी ठेवावयाचे, पगार बेताचा द्यावयाचा, रोज संशयाने चाचपावयाचे, आणि त्याच्याकडून निष्ठा मात्र घराण्याच्या शागिर्दाची मागावयाची, हा हिशेब आमच्या अनुभवात कोठेच जुळलेला नाही. वरच्या पायरीवर संशय आला की तो किती सभ्य होतो, तेही पाहा. 2002 मध्ये एका अमेरिकन कंपनीने समीक्षकांना नव्या संचांच्या आगाऊ प्रती पाठवल्या त्या छोट्या वादकयंत्रात घालून, यंत्राचे झाकण डिंकाने चिकटवून, आणि कानातले लावावयाचे तेही चिकटवून! समीक्षकाच्या कमरेवरून कांडी कोणी फिरवली नाही.

आपल्याकडे कारखान्यांत हा कागद कसा आला, त्याचाही एक जुना दाखला आहे. त्याचा संगीताशी संबंध नाही, पण कागद त्याच जातीचा. कल्याणजवळच्या रेयॉन कारखान्याने टायरचा धागा बनवण्याचे तंत्र परदेशी कंपन्यांकडून घेतले. त्यांनी अट घातली की हे गुपित राखा, आणि तुमच्या नोकरांकडूनही तसे लिहून घ्या. कारखान्याने लिहून घेतले. 1963 मध्ये लागलेला एक शिफ्ट सुपरवायझर पाच वर्षांची मुदत संपण्यापूर्वी जास्त पगारावर कोट्याच्या कारखान्यात गेला. 1967 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला तो कारखान्याच्या बाजूने: नोकरीच्या मुदतीपुरते असे बंधन वाजवी आहे. आपल्या 1872 च्या करार कायद्याचे 27 वे कलम मात्र विसरू नये. कोणाचा कायदेशीर धंदा अडवणारा करार त्या कलमाने, काही अपवाद सोडून, रद्दबातल ठरतो. तेव्हा गुपित राखण्याचे बंधन वेगळे आणि पोट भरण्याचे बंधन वेगळे. कागदात ही दोन्ही एकाच वाक्यात कालवलेली असतात, आणि सही करणाऱ्याला ती एकच वाटतात.

संगीताच्या धंद्यात तर तिसरे एक बंधन त्यातच कालवले जाते: नाव न सांगण्याचे. मुंबईच्या चित्रपटसंगीतात सेबास्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारख्या गोव्याहून आलेल्या संयोजकांनी शेकडो गाण्यांचा वाद्यमेळ लिहिला. पडद्यावर बहुतेक वेळा संगीतकाराचे नाव आले, यांचे नाही. त्यांच्याकडून कोणी गुप्ततेचा करार घेतला नव्हता, रिवाजच तसा होता. आज तोच रिवाज कागदावर आला आहे. नाचाच्या इलेक्ट्रॉनिक संगीतात मोठ्या नावाचा माणूस अनोळखी मुलाकडून संपूर्ण गाणे करून घेतो, एकरकमी पैसे देतो, आणि हे गाणे मी केले असे जन्मात म्हणणार नाही, असे लिहून घेतो. कागदाचे शीर्षक तेच असते, गुप्ततेचा करार. प्रसिद्धीपूर्वी गाणे फुटू नये म्हणून जन्मलेला कागद, प्रसिद्धीनंतर कर्ता फुटू नये म्हणून वापरला जातो. आपल्या कॉपीराइट कायद्याचे 57 वे कलम कर्त्याला आपण कर्ते आहोत असे सांगण्याचा हक्क देते, आणि कृतीचे हक्क विकल्यावरही तो उरतो. 2012 च्या दुरुस्तीने प्रयोग करणाऱ्या कलावंतालाही तसा हक्क दिला आणि संगीतकार-गीतकारांच्या मानधनातला वाटा त्यांच्याकडून लिहून घेता येणार नाही अशी सोय केली. हे हक्क कोणी फुकट वाटले नाहीत. 1977 मध्ये सर्वोच्च न्यायालयात संगीतकारांची बाजू पडली, आणि तेव्हापासून दुरुस्तीपर्यंत पस्तीस वर्षे गेली.

एवढे वाचून झाल्यावर आम्ही त्या मुलाला पुन्हा बोलावले. पहिल्या दिवशी आम्ही त्याला फक्त सही लांबणीवर टाकावयास सांगितले होते, आणि नवल म्हणजे कंपनी थांबली. आम्ही दोघांनी बसून कागदावर दुरुस्त्या केल्या. बंधन दोघांवर घातले: त्याने कंपनीच्या गोष्टी बाहेर सांगू नयेत, तसे कंपनीने त्याच्या चाली परवानगीवाचून वापरू नयेत, आणि कंपनीतल्या कोणी त्या ऐकल्या तर त्याची जबाबदारी कंपनीची. "आजन्म" खोडून तीन वर्षे घातली, आणि गाणे आधी प्रसिद्ध झाले तर तेथेच बंधन संपेल असे लिहिले. मागे एक यादी जोडली: आठ चाली, प्रत्येकीचे नाव, लांबी, पूर्ण केल्याची तारीख. यादीवाचून असला करार म्हणजे ठेव कशाची ते न लिहिता दिलेली पावती. मित्रांना पाठवलेला तो तुकडा कोणत्या चालीचा, हेही यादीत प्रामाणिकपणे नमूद केले. शेवटी एक ओळ: गाणे प्रसिद्ध झाल्यावर ते आपण केले असे म्हणण्याची त्याला मोकळीक राहील.

उत्तर सतरा दिवसांनी आले. दोन्ही बाजूंचे बंधन, मुदत आणि यादी कंपनीने मान्य केली. शेवटच्या ओळीवर तांबड्या शाईने रेघ मारलेली होती.

मुलगा बराच वेळ कागदाकडे पाहत बसला. घरी भाडे थकले होते, ते आम्हांला माहीत होते, म्हणून आम्ही काही बोललो नाही. मग त्याने आमच्या टेबलावरचे पेन घेतले, यादीतल्या आठांपैकी तीन चाली खोडल्या, खोडल्याजागी आद्याक्षरे घातली आणि उरलेल्या पाचांवर सही केली. खोडलेल्या तीन चालींत काय होते, ते आम्ही विचारले नाही.